नंबर जुळला, तरी हार्डडिस्क चालेना

बंद पडलेल्या हार्डडिस्कवर सगळ्यात जास्त सांगितला जाणारा घरगुती इलाज म्हणजे त्याच मॉडेलची दुसरी डिस्क घ्या, तिच्या खालचा सर्किट बोर्ड काढा आणि आपल्या डिस्कला लावा. जुन्या, रुंद पट्टीसारख्या आयडीई केबलच्या जमान्यात हे बऱ्याचदा जमून जायचं. क्वांटमच्या फायरबॉल एलसीटी मालिकेत टीडीए५२४७ ही मोटर चालवणारी चिप जळायची. दुसरा बोर्ड लावला की डिस्क पुन्हा फिरायची. फुजित्सूच्या एमपीजी मालिकेत सिरस लॉजिकच्या चिपच्या आवरणात लाल फॉस्फरस होता, त्यामुळे दमट हवेत आतल्या आत शॉर्ट व्हायचं. तिथेही बोर्ड बदलणं हाच इलाज होता. त्या काळच्या अनुभवावर आजही सल्ले दिले जातात. आजच्या डिस्कला तो सल्ला अर्धाच लागू पडतो, आणि उरलेल्या अर्ध्यात डेटा जातो.

कारण असं. डिस्कच्या आत फिरणाऱ्या चकत्या, म्हणजे प्लॅटर, आणि त्यांवरून सरकणारे हेड असतात. प्रत्येक हेडवर वाचणारा आणि लिहिणारा असे दोन वेगळे भाग असतात आणि त्यांच्यात अगदी सूक्ष्म अंतर असतं. हे अंतर एकाच दिवशी, एकाच लाईनवर बनलेल्या दोन डिस्कमध्येही सारखं नसतं. कोणत्या हेडला किती करंट द्यायचा, कोणता हेड कारखान्यातच बंद करून ठेवलाय, हेही डिस्कगणिक वेगळं. ही मापं कारखान्यात घेतली जातात. त्यातली बरीचशी प्लॅटरवरच्या सर्व्हिस एरियात, म्हणजे डिस्कने स्वतःसाठी राखलेल्या जागेत जातात, पण त्या एरियापर्यंत पोचायला लागणारी पहिली मापं बोर्डावरच्या रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी माहिती जपणाऱ्या चिपमध्ये असतात. दुसऱ्याच्या रॉमने डिस्क सुरू केली तर हेड चुकीच्या अंदाजाने ट्रॅक शोधतो, सापडत नाही, परत मागे येऊन आपटतो, पुन्हा शोधतो. बिघडलेल्या डिस्कमधून ऐकू येणारी खट्खट ती हीच.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. जुळणारा बोर्ड कोणता, हा पहिला. आणि जुन्या बोर्डावरची रॉम नव्यावर कशी न्यायची, हा दुसरा. पण त्याही आधी एक गोष्ट.

बोर्डच गेलाय ना?

डिस्क फिरतेय आणि खट्खट वाजतेय, तर शंका आधी हेडवर घ्या. बारीक बीप ऐकू येतोय आणि डिस्क फिरत नाही, तर बहुतेक हेड प्लॅटरला चिकटलेत किंवा मोटर अडकलीय. यात नवा बोर्ड काही करू शकत नाही. डिस्क नीट फिरते, आवाज स्वच्छ आहे, पण संगणकाला दिसत नाही, तर फर्मवेअर, म्हणजे डिस्क चालवणारा तिच्या आतलाच प्रोग्रॅम, अडकलेलं असू शकतं. २००९ च्या सुरुवातीला सीगेटच्या ७२००.११ मालिकेतल्या डिस्क अशाच गप्प झाल्या होत्या. तो फर्मवेअरचा दोष होता, बोर्ड ठणठणीत होते, आणि तरी लोकांनी बोर्ड शोधत बाजार पालथे घातले.

बोर्डावर खरी शंका कधी घ्यायची? डिस्क अजिबात फिरत नाही, हाताला कसलंच कंपन लागत नाही, किंवा जळका वास आलाय. बहुतेक वेळा यामागे चुकीचा अडॅप्टर असतो. बाहेरच्या ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि लॅपटॉपचा अडॅप्टर १९ व्होल्टचा असतो. दोघांची गोल पिन अनेकदा एकमेकांत सहज बसते. टेबलाखाली हात घालून चाचपडत लावलेल्या अडॅप्टरने जितके बोर्ड गेलेत, तितके वीज पडून गेले नसतील. न्यूट्रल तुटून व्होल्टेज चढणं आणि संगणकाचा स्वस्तातला एसएमपीएस (पॉवर सप्लाय), ही पुढची दोन कारणं.

मल्टिमीटर काढा. साटाच्या, म्हणजे आजच्या डिस्कवर असणाऱ्या जोडणीच्या, पॉवर कनेक्टरवर १५ पट्ट्या असतात. डेटा कनेक्टरच्या बाजूने मोजायचं: १ ते ३ या ३.३ व्होल्टच्या, ४ ते ६ ग्राउंड, ७ ते ९ या ५ व्होल्टच्या, १३ ते १५ या १२ व्होल्टच्या. वीज न देता ५ व्होल्ट आणि ग्राउंडमधला रेझिस्टन्स बघा, मग १२ व्होल्ट आणि ग्राउंडमधला. आकडा हळूहळू चढत गेला तर ठीक. मीटर सलग वाजत राहिला आणि एक-दोन ओहमच दाखवत असेल, तर तिथे शॉर्ट आहे.

अशा वेळी कनेक्टरजवळचे टीव्हीएस डायोड शोधा. ३.५ इंची डिस्कमध्ये दोन असतात, एक ५ चा आणि एक १२ चा, २.५ इंचीत एकच. हे डायोड जादा व्होल्टेज अंगावर घेतात, स्वतः शॉर्ट होतात आणि बाकीचा बोर्ड वाचवतात. शॉर्ट झालेला डायोड काढून टाकला, पुन्हा मोजलं आणि शॉर्ट गेला असेल, तर बोर्ड शोधायचीच गरज नाही. चांगला पॉवर सप्लाय लावून लगेच सगळा डेटा उतरवा. आता त्या बोर्डाला संरक्षण उरलेलं नाही, त्यामुळे डिस्क पुन्हा वापरात घ्यायची नाही. शेजारच्या बारक्या शून्य ओहमच्या रेझिस्टरवरही नजर टाका, कधीकधी फ्यूजसारखा तोच उडालेला असतो.

आणखी एक फसवी गंमत. बाहेरच्या केसमधून काढलेल्या काही नव्या, मोठ्या डिस्क जुन्या पॉवर सप्लायवर फिरतच नाहीत. या डिस्कमध्ये तिसरी पट्टी डिस्क बंद ठेवण्याचा इशारा म्हणून वापरली जाते आणि जुना सप्लाय तिथे कायम ३.३ व्होल्ट देत राहतो. तिसऱ्या पट्टीवर कॅप्टॉन टेपचा (वीज आणि उष्णता अडवणारी पिवळसर टेप) तुकडा चिकटवा, किंवा मोलेक्स (जुनं चार पिनांचं तोंड) ते साटा केबल वापरा, डिस्क फिरते. हे माहीत नसल्याने चांगल्या डिस्क बोर्ड बदलायला आलेल्या असतात.

शेवटचं म्हणजे बोर्ड एकदा उलटून बघा. ३.५ इंचीचे स्क्रू बहुधा टी६ किंवा टी८ टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचे), २.५ इंचीचे टी५ किंवा टी४. आतल्या बाजूला, हेडच्या स्प्रिंग पिना जिथे टेकतात ते ठिपके काळे पडलेले दिसतील. मुंबईत, गोव्यात, कोकणात दोन पावसाळे काढलेल्या डिस्कमध्ये तर हमखास. पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, कण झटका, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ब्लेड किंवा सँडपेपर लावू नका, मुलामा निघाला की गंज दुप्पट वेगाने येतो. पाच मिनिटांचं काम आहे आणि पैसे लागत नाहीत. नवा बोर्ड मागवण्याआधी हे न करणाऱ्यांचं नवल वाटतं.

कोणता नंबर जुळवायचा

वरच्या मोठ्या लेबलवरचं मॉडेल हा बोर्ड शोधायचा सगळ्यात कच्चा धागा. सीगेटचं एसटी१०००डीएम००३ घ्या. हे नाव वर्षानुवर्षं चाललं, पण नावाच्या पुढे -९वायएन१६२, -१सीएच१६२, -१ईआर१६२, -१एसबी१०२ अशी शेपटं येत गेली आणि प्रत्येक शेपटाबरोबर आतली मांडणी बदलत गेली. वेस्टर्न डिजिटलच्या डब्ल्यूडी१०ईएआरएसचंही तेच: -००वाय५बी१ आणि -००एमव्हीडब्ल्यूबी० या दोन डिस्कवर नाव एकच, कूळ वेगळं. दुकानदार "सेम मॉडेल आहे साहेब" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. फक्त त्या वाक्याचा उपयोग नसतो.

नंबर बघायचा तो बोर्डावर छापलेला. वेस्टर्न डिजिटलवर तो २०६० ने सुरू होतो, उदाहरणार्थ २०६०-७७१६९८-००२ आणि पुढे रेव्ह (आवृत्ती) पी१. यातले मधले सहा आकडे जुळलेच पाहिजेत. शेवटचे तीनही जुळले तर निर्धास्त राहा. ते वेगळे असतील तर मुख्य चिप आणि मोटर चिपवरचे नंबर दोन्ही बोर्डांवर ताडून बघा. तेही सारखे असतील तर बहुधा चालतो. २०६१ ने सुरू होणारा कागदी स्टिकर वेगळा. तो सुटे भाग बसवून तयार झालेल्या बोर्डाचा असतो. शोधताना त्याचा आधार घ्या, पण निर्णय २०६० वर. लेबलवरचा डीसीएम कोड हेड बदलताना कामी येतो, बोर्डासाठी त्याच्या मागे लागू नका.

सीगेटवर १०० ने सुरू होणारा नऊ आकडी नंबर असतो. ७२००.११ वर १००४६६८२४, ७२००.१४ वर १००६८७६५८ असे. पुढे रेव्ह ए, बी किंवा सी. नऊ आकडे तंतोतंत जुळायला हवेत. शेवटचं अक्षर वेगळं असेल तर पुन्हा तोच नियम, दोन्ही मोठ्या चिपांचे नंबर ताडायचे.

हिताचीवर ०ए किंवा ०जे ने सुरू होणारा नंबर शोधा, २.५ इंचीत तो २२० ०ए९०२६९ ०१ असा लांबलचक दिसतो. तोशिबाच्या लॅपटॉप डिस्कवर जी००३१३८ए किंवा जी००३२३५ सारखा नंबर, आणि शेवटचं अक्षर महत्त्वाचं. सॅमसंगवर बीएफ४१ ने सुरुवात. इथे कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचा घोळ लक्षात ठेवा. सॅमसंगचा हार्डडिस्कचा धंदा २०११ मध्ये सीगेटकडे गेला आणि हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे. त्यामुळे एसटी१०००एलएम०२४ वर नाव सीगेटचं असलं तरी डिस्क सॅमसंगच्या घराण्यातली आहे, लेबलवर एचएन-एम१०१एमबीबी हे जुनं नावही छापलेलं असतं. तिचा बोर्ड शोधताना लेबलवरच्या कंपनीच्या नावावर जाऊ नका, बोर्डावर छापलेला नंबरच बघा.

खरेदीबद्दल आमचं मत ठाम आहे. नुसता बोर्ड घेण्यापेक्षा चालू अवस्थेतली पूर्ण डिस्क घ्या. आधी तिच्याच अंगावर बोर्ड चालतो हे बघता येतं, आणि पुढे हेड बदलायची वेळ आली तर कदाचित तीच कामी येते. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. जुन्या सीसीटीव्हीतून आणि ऑफिसच्या भंगारातून आलेल्या डिस्क इथे मिळतात. एक पाना खिशात ठेवा. दुकानदाराने हो म्हटलं तर बोर्ड उघडून चिपांचे नंबर मोबाइलमधल्या फोटोशी ताडून घ्या. ऑनलाइन घेत असाल तर दोन्ही बाजूंचे फोटो मागवा. विक्रेता यादीतलाच जुना फोटो पुन्हा पाठवत असेल तर पुढे चला.

आठ पायांची चिप

बोर्ड मिळाला. आता रॉम. ही आठ पायांची छोटी चिप असते, अंगावर बहुधा २५ हा आकडा असलेला नंबर. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच बोर्डांवर तिच्या जागेला यू१२ लिहिलेलं असतं. हिताचीवर आठ पायांची एनव्हीरॅम असते, तिलाही हाच नियम. सॅमसंगच्या बऱ्याच जुन्या डिस्क रॉम न बदलताही उठतात, पण त्या भरवशावर सुरुवात करू नये.

यू१२ ची जागा रिकामी दिसली तर थांबा. अशा बोर्डात रॉम मुख्य चिपच्या पोटात असते. जुन्या बोर्डाची फक्त मोटर चिप जळली असेल तर उलटा रस्ता बरा: डोनरची (सुटे भाग घेण्यासाठी आणलेल्या डिस्कची) मोटर चिप काढून जुन्या बोर्डावर बसवायची. मुख्य चिपच गेली असेल तर पीसी-३००० सारखं डेटा परत मिळवण्याचं साधन असलेल्या ठिकाणी जा. काही डिस्कमध्ये रॉममधल्या मजकुराच्या प्रती प्लॅटरवरही असतात आणि त्यावरून रॉम पुन्हा घडवता येते. घरी बसून होणारं काम नव्हे.

सुटी चिप असेल तर ती उचलून बसवणं हा सरळ मार्ग. आजूबाजूच्या भागांवर कॅप्टॉन टेप, चिपच्या पायांना फ्लक्स, हॉट एअर साधारण ३५० अंशांवर आणि हवा कमी. सोल्डर चमकला की चिमट्याने हलकेच टोचा, चिप स्वतःहून सरकली की उचला. न सरकणारी चिप ओढली तर खालचा पॅड तिच्याबरोबर येतो, आणि मग तासभर बारीक तार जोडत बसावं लागतं. उचलण्याआधी पहिल्या पायाजवळच्या ठिपक्याचा फोटो घ्या. उलटी बसवलेली चिप वीज देताच तापते आणि तिथेच संपते, तिच्याबरोबर तुमच्या डिस्कची जगातली एकमेव मापंही. हात बसेपर्यंत भंगारातल्या बोर्डावर चार वेळा काढ-घाल करून बघा. बसवून झालं की अल्कोहोलने धुवा आणि आठही पाय मीटरने तपासा.

म्हणूनच बसवण्याआधी चिप एकदा वाचून ठेवा. सीएच३४१ए हा प्रोग्रामर (चिप वाचणारं-लिहिणारं छोटं यंत्र) बाजारात स्वस्तात मिळतो. चिप बोर्डावर असतानाच क्लिप लावून वाचायचा मोह होतो. तेव्हा प्रोग्रामर अख्ख्या बोर्डाला वीज देऊ लागतो आणि वाचन गंडतं. काढून वाचा. काळ्या रंगाच्या सीएच३४१ए मध्ये एक ठाऊक असलेला दोष आहे, सप्लाय ३.३ व्होल्टचा असला तरी डेटाच्या पिनांवर ५ व्होल्ट येतात. चिपा सहसा सहन करतात, पण १.८ व्होल्टची चिप असेल तर वेगळा अडॅप्टर लागतोच. दोनदा वाचा आणि दोन्ही फाईल अक्षरशः सारख्या आहेत का ते ताडा. २५एक्स२० ही २ मेगाबिटची चिप, तिची फाईल नेमकी २,६२,१४४ बाइटची हवी. २५एक्स४० ची ५,२४,२८८. सगळीकडे एफएफ किंवा शून्यच दिसत असेल तर पाय नीट टेकलेले नाहीत.

काही विक्रेते जुना बोर्ड पाठवला तर रॉम बदलून देतात. सोय चांगली आहे, पण वाचून ठेवलेली फाईल हातात नसताना एकमेव रॉम कुरिअरच्या पाकिटात घालू नका.

पहिल्यांदा वीज देताना

जुना बोर्ड मोटर चिप जळून गेला असेल तर ती का जळली याचं उत्तर आधी मिळवा. मोटरच्या चार टोकांपैकी एक सामाईक असतं. त्यापासून उरलेल्या तिन्हींचा रेझिस्टन्स सारखा यायला हवा, त्या तिन्हींपैकी कुठल्याही दोघांमधला त्याच्या दुप्पट. एक वेगळा आला किंवा कुठलंही टोक डिस्कच्या धातूच्या अंगाला शॉर्ट असेल, तर नवा बोर्डही त्याच वाटेने जाईल. हेडच्या फांदीवर हेडचा क्षीण सिग्नल वाढवणारी प्रीअँप चिप असते, ती शॉर्ट असली तरी तेच. तिच्या पिना सारख्याच चांगल्या डिस्कशी पडताळून बघता येतात.

सगळं ठीक असेल तर डिस्क विंडोजच्या संगणकाला पहिल्या फेरीत लावू नका. विंडोज तपासणीच्या नावाखाली लिहायला लागतं. लिनक्सवर, आपोआप माउंट होणं बंद करून लावा. डिस्क फिरून शांत झाली आणि नाव-क्षमता बरोबर दिसली तर जिंकलात. नाव दिसलं पण 'डब्ल्यूडीसी रॉम मॉडेल-हॉक' असलं काही विचित्र, आणि क्षमता शून्य, तर रॉम वाचली जातेय पण प्लॅटरवरची सर्व्हिस एरिया वाचली जात नाही. स्प्रिंग पिनांचा संपर्क आणि स्क्रू तपासा. पाच-दहा वेळा खट् होऊन डिस्क थांबली तर लगेच वीज काढा. "आणखी एकदा बघू" म्हणून दिलेली प्रत्येक वीज हेडच्या आयुष्यातून जाते.

डिस्क दिसली की डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने आधी पूर्ण प्रत काढा, फायली त्या प्रतीतून शोधा.

यूएसबीच्या डिस्कचं प्रकरण वेगळं. काही २.५ इंची डिस्कच्या बोर्डावर साटा नसतोच, यूएसबीचं तोंड थेट बोर्डावर. आणि वेस्टर्न डिजिटलच्या अनेक माय बुक, माय पासपोर्टमध्ये यूएसबी चिपच डेटा कूटबद्ध करते, तुम्ही पासवर्ड लावलेला असो वा नसो. अशी डिस्क केसमधून काढून सरळ साटाला लावली तर कोरीच दिसते, आणि विंडोज विचारतं इनिशियलाइज (नव्याने तयार) करू का. करू नका. त्याच जातीची यूएसबी चिप असलेला बोर्ड लागतो: इनिशिओ, जेमायक्रॉन, सिमवेव्ह, जी मूळ बोर्डावर असेल तीच. अशा डिस्कचा जळका बोर्ड डेटा हातात येऊन उघडून बघेपर्यंत कचऱ्यात टाकू नका. अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, वर डिस्कचा सिरियल नंबर लिहून ठेवा. डोनरची काढलेली रॉमही त्याच पिशवीत, नाहीतर आठवड्याभरात कोणती चिप कोणाची हे सांगता येत नाही.